आमच्याकडे खातात

"घरात कुणी खातं का?" डॉक्टर गांगुर्ड्यांनी मला विचारलं.

टेबलावर नाचो पसरला होता. मेला नव्हता, झोपला होता. फेरेट हा मांजराहून लहान, लांबट अंगाचा पाळीव प्राणी दिवसाचे अठरा तास झोपतो आणि उरलेल्या सहा तासांत घरातले मोजे पळवून सोफ्याखाली नेऊन ठेवतो. पण गेल्या महिन्याभरात नाचोनं मोज्यांचाही नाद सोडला होता. पाठीवरचे केस विरळ झाले होते आणि बरगड्या हाताला लागत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "कुणी खात नाही."

"तुम्ही?"

इतकं सरळ मला आठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी भिंतीवरच्या जंताच्या औषधाच्या जाहिरातीकडे बघत म्हटलं, "आधी खायचे."

"मग तुम्हालाच बघावं लागेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला.

आपल्या भाषेची एक गंमत आहे. खाणे या क्रियापदाच्या आधी काहीतरी ठेवलं, की माणूस पोळी खातो, आंबा खातो, भाव खातो, बोलणी खातो. काहीच ठेवलं नाही, की तो मटण-मासे खातो. "ते लोक खातात" हे वाक्य ऐकून "काय?" असं विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मी पेणच्या टिपणिसांची. आम्ही सीकेपी, म्हणजे नुसतं खाणारे नाही, तर खाण्यावर गप्पा मारत खाणारे. लग्न ठरवायला माझ्या सासूबाई, म्हणजे माई परचुरे, नाशकाहून पेणला आल्या तेव्हा पाणी प्यायच्या आधी त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं होतं, "तुमच्यात खातात ना?" बाबांनी गंभीरपणे सांगितलं, "हो, दोन्ही वेळा. रविवारी जरा जास्तच." माई हसल्या नाहीत. शेजारी बसलेला त्यांचा मुलगा श्रीरंग हसला, कारण आदल्याच महिन्यात त्यानं आमच्याकडे कोलंबीचं कालवण तीनदा मागून घेतलं होतं. पुढे माईंनी सगळ्या परचुऱ्यांना एकच वाक्य सांगितलं: "मुलगी खाणाऱ्यांतली आहे, पण ती स्वतः खात नाही." मला न विचारता केलेल्या या वाक्यावर बसून मी नाशकात माप ओलांडलं. हे वाक्य खोटं आहे असं मी कधीतरी म्हणेन, म्हणेन, असं मला आठ वर्षं वाटत होतं. ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची आहे आणि ती त्या वाक्याचीच आहे. फेरेट मध्ये आले इतकंच.

ते आले माझ्या दिरामुळे. निशिकांत बंगळूरला नोकरीला होता, त्याची जर्मनीला बदली झाली आणि तो दोन फेरेट आमच्याकडे "सहाच महिने" म्हणून ठेवून गेला. नराचं नाव नाचो, मादीचं मोमो. दोघांची नावं खाण्याच्या पदार्थांवरून ठेवलेली होती, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. बरोबर झोपायची झोळी, लपायचे पाइप आणि त्यांच्या खाण्याच्या परदेशी गोळ्यांच्या पिशव्या होत्या. शेजारच्यांच्या मांजराला जिना चढू न देणाऱ्या माई या पिंजऱ्यापुढे वाकल्या, त्यातून एक तपकिरी तोंड बाहेर आलं आणि माई म्हणाल्या, "अगंबाई, मुंगूस."

मुंगूस दिसणं शुभ. झालं. दुसऱ्या दिवसापासून अंघोळ झाली, की पूजेच्या आधी माई पिंजऱ्यापाशी उभ्या राहून आपण लहानपणी म्हणायचो तसं म्हणायच्या, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ." नाचोला नाश्त्याची वेळ कळायची, तो तोंड दाखवायचा. हे मुंगूस नव्हे, वेगळा प्राणी आहे, असं मी एकदा सांगून पाहिलं. "परदेशातलं मुंगूस असेल," माई म्हणाल्या. धाकट्या लेकाचे प्राणी, त्यात शकुनाचे. त्यांचे लाड बघून श्रीरंगलासुद्धा थोडा हेवा वाटायचा.

तर नाचो खंगायला लागला म्हणून मी आणि माई त्याला, सोबत मोमोलाही, बुधवारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याचे दात पाहिले, पोट दाबलं, आमच्याकडची पिशवी उलटून तिच्यामागचं बारीक अक्षर वाचलं. गोळ्यांत मका आणि वाटाणाच जास्त आहे, या जनावराच्या आतड्याला तो झेपत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. "याला कच्च्या आहारावर आणा," ते म्हणाले.

माईंचा चेहरा असा उजळला, की मला आधी कळेचना. मग कळलं. दोन वर्षांपूर्वी माई दहा दिवसांचं निसर्गोपचाराचं शिबिर करून आल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांच्या ताटात मोड आलेली मटकी, काकडी आणि दुधीचा रस एवढंच असायचं. माणसानं चूल पेटवली त्या दिवसापासून निम्मे आजार सुरू झाले, असं त्या पाहुण्यांना बटाटेवडे वाढता वाढता सांगायच्या. "बघ," त्या मला म्हणाल्या, "मी इतके दिवस काय सांगतेय." तेवढ्यात बाहेर एक थोराड कुत्रा भुंकला, दुसऱ्या पिंजऱ्यात मोमो घाबरून आपटायला लागली, तशा माई तो पिंजरा उचलून रिक्षात जाऊन बसल्या. म्हणून डॉक्टरांचं पुढचं वाक्य त्यांनी ऐकलं नाही. ते असं होतं: "कोंबडी. कच्ची, हाडासकट. घरात कुणी खातं का?"

घरी जाऊन सांगायचं असं मी खरोखर ठरवलं होतं. पण मी कुलूप उघडेपर्यंत माईंनी जर्मनीला फोन लावला होता. "निशी, अरे डॉक्टरसुद्धा तेच म्हणतात. कच्चं घाला म्हणाले. आता मुकी जनावरं सुधारतील, पण तुम्ही सुधारणार नाही." गोळ्यांची उरलेली पिशवी त्यांनी त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यासाठी देऊन टाकली आणि स्वयंपाकघरात मटकी भिजत घातली.

मी कागद पर्समध्ये ठेवला आणि गप्प बसले. पहिल्या दिवशी गंमत म्हणून. दोन वाट्यांत मटकी, मूग आणि गाजराचा कीस, वर लिंबू पिळलेलं. नाचोनं वास घेतला आणि वाटीत मागचा पाय घातला. माई म्हणाल्या, "शिकेल. शरीर शुद्ध होतंय." दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, मोमोनं भिंतीवरची एक अख्खी पाल संपवली आणि ती टुणटुणीत झाली. माईंनी ते यश मटकीच्या खात्यावर टाकलं. त्या दिवशीही मी गप्प राहिले, कारण माझ्या मनात आलं होतं, की घेऊ दे बाईला एकदा तोंडावर आपटून. आपल्या मनात असली इच्छा इतक्या वर्षांची मुरलेली आहे हे मला तेव्हाच कळलं, आणि खोटं कशाला सांगू, मला ती आवडलीसुद्धा.

शनिवारी दुपारी माईंची हाक आली. हाक मारायची त्यांची पद्धत असते, ही तशी नव्हती. मी धावले. नाचो पिंजऱ्याच्या तळाशी तिरका पडला होता, तोंडातून लाळ गळत होती, डोळे उघडे पण कुठंच बघत नव्हते. मी डॉक्टरांना फोन लावला. त्याची साखर उतरली आहे, हिरड्यांना मध चोळा आणि तसेच घेऊन या, ते म्हणाले. माईंनी स्वतःच्या लिंबू-मधाची बाटली आणली. घाईत निम्मा मध त्याच्या नाकाला लागला.

"तोंड दाखव रे," त्या म्हणत होत्या. "रामाची शपथ आहे तुला, तोंड दाखव."

हे रडत म्हणत होत्या. माईंना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. नाचोची जीभ हलली, तो मध चाटायला लागला, तेव्हा मला स्वतःची इतकी लाज वाटली, की रिक्षात बसल्या बसल्या मी बोलून टाकलं.

"माई, डॉक्टर कच्चं म्हणाले ते मटकी नाही. कोंबडी म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"बुधवारी. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा."

माईंनी मांडीवरच्या टॉवेलात गुंडाळलेल्या नाचोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज शनिवार आहे," त्या म्हणाल्या. मग पुढे वाकून त्या रिक्षावाल्याला लवकर चला म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नाचो वाचला. सलाइन लागलं, संध्याकाळी तो घरी आला. पण आता खाण्याचा प्रश्न घरात येऊन बसला होता. माईंनी दिवा लावला आणि देवापुढे अर्धा तास डोळे मिटून बसल्या. श्रीरंग पेपर उघडून आणि मी पोळ्या लाटत निकालाची वाट बघत होतो. या घरात माझ्या आईनं दिवाळीला पाठवलेला केक अंड्याचा निघाला म्हणून तो ठेवलेली बशीसुद्धा बाहेर गेली होती. शेवटी माई उठल्या.

"त्याचा तो आहार आहे," त्या म्हणाल्या. "मुंगसानं साप मारला तर आपण त्याला पाप म्हणतो का? देवानं ज्याला जो आहार नेमून दिला, तो तोडणारे आपण कोण?"

"बरोबर आहे," श्रीरंग पेपराआडून म्हणाला.

परचुऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांचा नियम असा दिवेलागणी आणि जेवणाच्या मधल्या वेळात बदलला. शास्त्रार्थही निघाला. जनावराचं ते 'आहार', माणसाचं ते 'खाणं'. मागच्या बाल्कनीत करायचं, जुनी सुरी, मिक्सरचं चटणीचं जुनं भांडं, नंतर फिनाइल. एवढं सगळं सांगून झाल्यावर माई जरा थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "तुला येतं ना?"

"येतं."

आठ वर्षांत पहिल्यांदाच ते येणं हा माझा दोष नव्हता.

इथं श्रीरंगबद्दल सांगायला हवं. तो बाहेर खायचा. बाहेर खाणं हे परचुऱ्यांच्यात खाण्यात धरत नाहीत. महिन्यातून दोनदा तो ऑफिसच्या लोकांबरोबर त्र्यंबक रोडच्या ढाब्यावर जायचा आणि बडीशेप चघळत घरी यायचा, आणि माई त्या रात्री त्याला न विचारता दोन पोळ्या कमी वाढायच्या. दोघांपैकी कुणी कधी एक शब्द काढला नाही. मी एकदा काढला तेव्हा तो म्हणाला, "उगाच आईला कशाला दुखवायचं? तूही बाहेर खा की." जणू मी खिडकीत बसून सिगारेट ओढायची परवानगी मागत होते.

रविवारी सकाळी मी तोंडाला स्कार्फ बांधून भद्रकालीच्या बाजारात गेले. दुकानदारानं विचारलं, "किती पीस करू, ताई?" मी म्हटलं, अख्खी द्या, मीच करते. बाल्कनीत पाटावर बसून सुरी हातात घेतली तर हातांना सगळं आठवत होतं, पंखाचा सांधा कुठं सुटतो, कलेजी कशी अलगद काढायची. माई आतून दाराच्या फटीतून बघत होत्या. "किती सफाईनं करतेस," त्या म्हणाल्या आणि आपण हे कशाचं कौतुक केलं ते लक्षात येऊन लगबगीनं आत गेल्या.

पण नाचो-मोमो खाईनात. समोर ताजी कोंबडी ठेवली तर त्यांनी दगडाकडे बघावं तसं बघितलं. या प्राण्याचं असंच असतं, डॉक्टर फोनवर म्हणाले. लहानपणी जे तोंडी लागलं तेच त्याला खाणं वाटतं, पळतं काही दिसलं तर पकडेल, पण पुढ्यात ठेवलेलं दुसरं काही खाण्याचं आहे हे त्याच्या डोक्यातच येत नाही. म्हणून तर तो कागद दिला आहे. तेव्हा कुठं मी पर्समधून कागद काढला. आहार बदलायचा बारा दिवसांचा कार्यक्रम होता. खालच्या मजल्यावर जाऊन कुत्र्याला दिलेल्या गोळ्या मागून आणल्या आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

रोज सकाळी माई चष्मा लावून तो कागद मोठ्यानं वाचायच्या, पोथी वाचावी तशा, आणि मी बाल्कनीत बसून त्या सांगतील तसं कालवायचे. पहिले तीन दिवस चौथा हिस्सा नवं, तीन हिस्से जुनं. तोंड फिरवलं तर बोटानं ओठाला लावा. दुसऱ्याच दिवशी माईंना माझं लावणं पसंत पडेना. त्यांनी पदर खोचला, नाक वर धरलं आणि मिक्सरमधल्या त्या गुलाबी लगद्यात स्वतःचं बोट बुडवलं. "खा रे राजा. हा घास काऊचा, हा घास चिऊचा." पुढचा पक्षी कोणता ते त्यांनी म्हटलं नाही. नाचोनं बोट चाटलं. माईंनी त्या बोटाकडे बघितलं, मग जाऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या.

सहाव्या दिवशी माई वाचत होत्या आणि मी कालवत होते.

"जुनं एकदम बंद करू नये. प्राणी बिथरतो," माई वाचत होत्या. "रोज थोडं कमी करावं. रुसला तर ओरडू नये, लाडही करू नयेत, आपलं काम चालू ठेवावं. एकदा नवी चव बसली, की जुनं समोर ठेवलं तरी त्याला ते खाणं वाटत नाही."

माझा हात भांड्यातच राहिला.

कारण हे मला पाठ होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला कुणी बंदी केली नव्हती. सोमवार परचुऱ्यांच्यात पाळतात, एवढंच कळलं होतं. मग गुरुवार. मग चतुर्थी आणि एकादशी. उरलेल्या दिवसांत मी मैत्रिणीकडे जाऊन खाल्लं तर माई रागावत नव्हत्या, नुसतं म्हणायच्या, "अंघोळ करून ये हं." मग श्रावण आला, महिन्याचाच तर प्रश्न. पुढच्या वर्षी चातुर्मास, चारच महिने. मग माईंचं पथ्य, मग श्रीरंगच्या आत्या राहायला आल्या, मग सवय झालीच आहे तर कशाला. कुणी ओरडलं नाही. कुणी लाड केले नाहीत. तिसऱ्या वर्षी माझी आई पेणहून सोडे घेऊन आली, सुकवलेल्या कोलंबीचे सोडे, ज्यांची खिचडी मी लहानपणी आजारपणात मागायचे. आई गेल्यावर मी डबा उघडला आणि मला वासानं ओकारी आली. सोडे मी कामवाल्या मावशींना दिले. आईला फोनवर सांगितलं, मस्त झाली होती खिचडी. आईनं विचारलं, "संपले? अजून पाठवू?" मी म्हटलं, "नको, इतक्यात नको." त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले होते, आणि का रडतेय ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता त्या बारा दिवसांच्या कागदावर ते छापलेलं होतं.

"अगं कालव ना," माई म्हणाल्या. "निम्मं-निम्मं घे आज."

बारावा दिवस गुरुवारी आला. गुरुवारी आमच्याकडे स्तोत्रपठणाच्या बायका यायच्या, आणि त्यांच्या म्होरक्या म्हणजे श्रीरंगच्या कुमुदआत्या. एव्हाना नाचोच्या पाठीवर मखमल आली होती आणि तो मोजे पळवायला लागला होता. फक्त आता मोज्यांबरोबर कोंबडीचे पंखही पळवून लपवायचा, कारण चांगली वस्तू साठवून ठेवणं हा फेरेटचा स्वभाव आहे. पठण संपलं, मी कॉफीचा ट्रे घेऊन आले आणि बघते तर नाचो बाल्कनीतून एक पंख तोंडात धरून मागे मागे सरकत येतोय. बायकांच्या मधून त्यानं तो ओढत नेला आणि आत्यांच्या पोथीच्या पिशवीत नीट ठेवला.

आत्या दोन पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या. "वहिनी, हे खातात?"

"खातात हो, आता दोघंही खातात," माई म्हणाल्या. इतक्या कौतुकानं त्यांनी हे क्रियापद उच्चारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "त्यांचा आहारच तो. जन्माचं खाणं असं तोडलं की जीव खंगतो, डोळ्यांनी पाहिलं ना मी. पाप लागतं बाई."

"माई," मी म्हटलं, "मीही खाते."

मी ट्रे टीपॉयवर ठेवला.

"तू कुठं खातेस?" आत्या म्हणाल्या. "वहिनीच सांगते ना, खाणाऱ्यांतली असून खात नाही म्हणून."

"खायचे. मग मला बदललं. कसं ते फ्रिजवर लावलंय, वाचा हवं तर."

आत्यांच्या पिशवीत नाचोनं दुसरा पंख आणून ठेवला. मग कुणीतरी कॉफी गार होतेय म्हणालं आणि सगळ्यांनी एकदम कप उचलले.

बायका गेल्यावर माई खुर्चीत बसून राहिल्या. "चारचौघांत बोलायची गरज नव्हती," त्या म्हणाल्या.

"एकटीला बोलले असते तर ऐकलं असतंत?"

माईंनी विचार केला. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते, त्यांनी खरंच विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि तू? तीन दिवस त्या जिवाला मटकीपुढे बसलेला बघत राहिलीस."

"तुमची फजिती बघायची होती."

"मेला असता तो."

"हो."

आम्ही मिळून सोफ्याखालचे पंख काढले.

पुढच्या आठवड्यात आईनं एसटीनं सोडे पाठवले. रविवारी मी बाल्कनीत जुनी शेगडी मांडली, सोडे कोमट पाण्यात भिजवले, कांदा परतला, आईचा मसाला घातला. खिचडी मनासारखी मोकळी झाली. ताटभर वाढून घेतली, पहिला घास तोंडात घातला आणि तो गिळवेना. पाणी प्यायले, परत घेतला, तो बाहेरच आला. पिंजऱ्यातून नाचो आणि मोमो जाळीला नाक लावून माझ्या ताटाकडे बघत होते. बारा दिवसांत दोघं घरी परतले होते, आणि मी माझ्याच आईच्या हातच्या मसाल्यापुढे परकी होऊन बसले होते. मला रडू फुटलं, या खेपेला नळ न सोडता.

दारात माई उभ्या होत्या, नाकाला पदर लावून. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या आत गेल्या आणि पांढऱ्या भाताचं पातेलं घेऊन आल्या. माझ्या ताटाला स्पर्श होणार नाही अशा बेतानं त्यांनी वरून तीन डाव भात टाकला.

"एकदम ताटभर घ्यायला कुणी सांगितलं होतं?" त्या पदराआडून म्हणाल्या. "पहिले तीन दिवस चौथा हिस्सा. वाचता येतं ना तुला?"

आणि अंघोळीला गेल्या.

मला बारा दिवस पुरले नाहीत, महिना लागला. निशिकांतचे सहा महिने कधीच संपले नाहीत, फेरेट त्यांचं आयुष्य आमच्याकडेच जगून गेले. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पण मला त्या सगळ्यातली एक सकाळ पक्की आठवते. मी बाल्कनीत शेगडीपाशी होते, माई हॉलमध्ये फोनवर कुमुदआत्यांशी बोलत होत्या. आत्या बहुधा गुरुवारचं पठण दुसरीकडे हलवायचं म्हणत असाव्यात.

"हलवा की," माई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू तुम्हाला. आमच्याकडे तिघं खातात."

हॉलच्या कोपऱ्यात श्रीरंगनं पेपर जरा आणखी वर धरला.